मोटारीच्या फलकामागचा दिवा

आज मी आपणांशीं ज्या वस्तूविषयीं बोलणार आहें, ती आपणांपैकीं बहुतेकांनीं कधीं पाहिलेली नसेल. शेंगदाण्याएवढी कांचेची एक कुपी, तींत केसाहून बारीक तार आणि बुडाशीं दुमडलेलीं दोन टोंकें, एवढाच तिचा पसारा. मोटारींत थंड-गरम हवेचीं जीं बटणें असतात, त्या फलकाच्या पाठीमागें ती दडून बसलेली असते आणि रात्रीं दिवे लावतांच बटणांवरचीं चित्रें उजळून दाखविते. ती जळाली म्हणून मोटार थांबत नाहीं, आवाज करीत नाहीं, कसलाही तांबडा इशारा देत नाहीं. त्यामुळें तिच्याकडे दुर्लक्ष करणें फार सोपें असतें. मीं तें कित्येक महिने केलें आणि त्याची किंमत एका अगदीं निरपराध माणसाला मोजावी लागणार होती. ती कशी टळली, आणि मग तो दिवा मीं कसा बदलला, तेंच सांगावयास आज आलों आहें.

मी बदलापूरला राहतों. आमच्या गांवाच्या नांवाची लोक एक व्युत्पत्ति सांगतात कीं, पूर्वीं या वाटेनें जाणारे स्वार येथें घोडे बदलीत, म्हणून हें बदलापूर. खरें-खोटें इतिहासकारांनीं ठरवावें. मला मात्र घोडा बदलण्याची ऐपत नसल्यामुळें पंधरा वर्षांची एक मोटार मी अद्याप वापरतों. तिच्या फलकावर फिरवावयाचीं तीन वाटोळीं बटणें आहेत. एक गारवा किंवा ऊब ठरविणारें, दुसरें पंख्याचा वेग ठरविणारें आणि तिसरें हवा तोंडावर, पायांवर कीं समोरच्या कांचेवर सोडावयाची तें ठरविणारें. त्यांच्या वरच्या अंगाला एक सरकती खुंटी आहे. ती एका बाजूला केली कीं बाहेरची हवा आंत येते, दुसऱ्या बाजूला केली कीं आंतलीच हवा फिरत राहते. कोपऱ्यांत एसीचें बटण. अमेरिकेंत १९४० सालच्या पॅकार्ड मोटारींत पहिल्यानें असें यंत्र बसविलें, तेव्हां तें बंद करावयाचें झाल्यास इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवावा लागे, असें सांगतात. बटणांची थोरवी त्या मोटारवाल्यांनाच विचारावी!

दिवसाउजेडीं माझ्या मोटारीचीं हीं बटणें लहान मुलालाही समजतील. रात्रीं तीं समजावींत म्हणून फलकामागें दोन बल्ब बसविलेले आहेत. त्यांचा उजेड पारदर्शक प्लॅस्टिकच्या एका पातळ तुकड्यांतून वळतवळत जातो आणि जेथें चित्रें आहेत तेथूनच तेवढा बाहेर पडतो. गेल्या हिंवाळ्यांत उजवा बल्ब गेला. अर्धा फलक काळा झाला, अर्धा मंद हिरवा राहिला. "मला बटणें तोंडपाठ आहेत," असें मीं स्वतःस बजावलें. दोन्ही बल्ब कारखान्यांत एकाच दिवशीं बसविलेले, एकदमच लागत व विझत आलेले. तेव्हां एक गेल्यावर दुसऱ्याचेंही आयुष्य फारसें उरलेलें नसणार, हा साधा हिशेब मला सुचला नाहीं. आषाढांत तोही गेला.

त्याच आठवड्यांत आईच्या खोकल्यासाठीं तिला उल्हासनगरला, कॅम्प तीनमधील डॉक्टरांकडे घेऊन गेलों होतों. परततांना रात्रीचे नऊ वाजून गेले. पाऊस असा कीं, रस्त्याची कड कोठें संपते आणि पाणी कोठें सुरू होतें, तें कळूं नये. मागच्या आसनावरून आई म्हणाली, "अरे, तो एसी बंद कर बघूं. पाठींत कांपरें भरलें." मीं तो बंद केला. पायांशीं ओल्या छत्र्या, आईचा खोकला, दोघांचे श्वास आणि खुंटी मात्र आंतलीच हवा फिरविण्याच्या बाजूला राहिलेली! अंबरनाथ मागें पडतां पडतां समोरची कांच धुरकट झाली, मग दुधासारखी पांढरी झाली.

काय करावयाचें तें मला ठाऊक होतें. हाताला तिसरें बटणही लागलें; पण त्यावरची खूण कोणीकडे वळलेली आहे तें बोटांना कळेना. फिरविलें, तों हवा पायांवर येऊं लागली. पुन्हां फिरविलें. शेवटीं मान खालीं घातली. किती वेळ? दोन सेकंद असतील. ताशीं ४० किलोमीटर वेगानें चाललेली मोटार एका सेकंदांत ११ मीटर जाते, हें गणित मीं घरीं आल्यावर केलें. मान वर केली तेव्हां त्या पुसट कांचेंतून एक काळी आकृति दिसली. सायकल हातांत धरून, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन कारखान्यांतून घरीं निघालेला कोणी कामगार होता. मीं ब्रेक दाबला. मोटार त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. त्यानें कागद जरा वर करून माझ्याकडे पाहिलें, कांहीं बोलला नाहीं, आणि चिखलांतून सायकल ढकलीत निघून गेला. त्यानें मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

थोड्या वेळानें आईनें विचारलें, "खालीं काय शोधत होतास रे?"

"बटण," मी म्हणालों.

श्रोतेहो, बल्बाची हकीकत सांगण्यापूर्वीं या कांचेबद्दल चार शब्द सांगतों, कारण दर पावसाळ्यांत हजारों लोक मीं केली तीच चूक करतात. श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ मोटारीच्या हवेंत सांठते आणि पावसानें गार झालेल्या कांचेला भिडली कीं तिचे सूक्ष्म थेंब होतात. एसी हवा नुसती थंड करीत नाहीं, ती कोरडीही करतो. त्याच्या गार नळ्यांवर हवेंतला ओलावा जमतो आणि मोटारीखालीं ठिबकत राहतो. उभ्या मोटारीखालीं जें थारोळें दिसतें तें हेंच पाणी. तेव्हां कांच आंतून धुरकटली असतां एसी बंद करणें म्हणजे उलटें काम. तो चालूच ठेवावा, गारवा सोसत नसेल तर पहिलें बटण उबेकडे न्यावें, हवा बाहेरची घ्यावी आणि झोत कांचेवर सोडावा. कधीं कधीं याच्या उलट होतें. गार झोतानें कांच इतकी थंड पडते कीं बाहेरची दमट हवा तिच्या बाहेरच्या अंगावर जमते. तशा वेळीं वायपर फिरवावा आणि झोत कांचेवरून काढावा. हें सारें अंधारांत, न पाहतां, करतां येईल असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एकदां उभ्या मोटारींत डोळे मिटून करून पाहावें.

दुसऱ्या दिवशीं मी एका सेवाकेंद्रांत गेलों. तेथील गृहस्थांनीं आदरानें खुर्ची दिली आणि तितक्याच आदरानें सांगितलें कीं, बल्ब सुटा मिळत नाहीं, अख्खा फलक बदलावा लागेल. त्यांनीं सांगितलेल्या रकमेंत आमच्या घरचा दोन महिन्यांचा किराणा आला असता. वात जळाली म्हणून समई मोडींत घालण्याची चाल आमच्या घरांत नव्हती, म्हणून मी उठलों. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या डिसेंबरांत 'राइट टु रिपेअर' या नांवाचें एक संकेतस्थळ सुरू केलें. शेतीचीं अवजारें, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तु, घरगुती टिकाऊ वस्तु आणि मोटारी यांच्या दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, असा त्याचा उद्देश आहे. उद्देश चांगलाच आहे. पण दोन बल्बांसाठीं मीं सरकारपर्यंत जाण्याचें कारण नव्हतें. रविवार पुरेसा होता.

पेंचकसाला हात लावण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. वेगमापकासकट सगळाच डॅशबोर्ड काळा पडला असेल, तर दोष बहुधा फ्यूजचा असतो. पुष्कळ मोटारींत हे दिवे आणि मोटारीचे मागचे तांबडे दिवे एकाच फ्यूजवर असतात. म्हणून तशा वेळीं खालीं उतरून मागचे दिवे लागत आहेत कीं नाहींत तें प्रथम पाहावें. तो अंधार बटणांच्या अंधारापेक्षां किती तरी पटीनें घातक आहे. दुसरी गोष्ट, हे दिवे मंद-प्रखर करणारें एक लहानसें चाक पुष्कळ मोटारींत असतें. आमच्या शेजाऱ्यांनीं महिनाभर अंधारांत मोटार चालविली, आणि शेवटीं निघालें काय, तर नातवानें तें चाक खालीं फिरवून ठेविलें होतें!

माझा फ्यूज शाबूत होता, चाकही वर होतें. मग इंजिन बंद करून, किल्ली काढून घेऊन, १० नंबरच्या पान्यानें बॅटरीची ऋण बाजूची, म्हणजे वजा खुणेची, तार सोडविली. ही तार सोडविण्याचा कंटाळा कोणीं करूं नये. अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या ज्या मोटारींत आहेत, त्यांत तर तार सोडविल्यावरही कांहीं मिनिटें थांबावें, आणि पिवळ्या आवरणाच्या तारांना किंवा जोडण्यांना मुळींच हात लावूं नये. कांहीं मोटारींतला रेडिओ बॅटरी सुटल्यावर सांकेतिक आंकडा विचारतो. तो आधींच शोधून ठेवावा.

मोटार मीं मुद्दाम तासभर उन्हांत ठेविली होती. पंधरा वर्षांचें प्लॅस्टिक गार असतां पापडासारखें मोडतें, ऊन लागलें कीं जरा वांकतें. बटणें सरळ आपल्याकडे ओढलीं कीं निघतात. निसटूं नयेत म्हणून भोंवतीं फडकें गुंडाळावें. त्यांच्या भोंवतालची चौकट आंतल्या खटक्यांवर बसलेली असते. ती उचकटण्यास पोलादी पेंचकस घातला तर डॅशबोर्डावर जन्माची खूण राहते. मीं आमच्या स्वयंपाकघरांतलें डोशाचें लाकडी उलथणें घेतलें. त्याची कड कापडांत गुंडाळून फटींत घातली आणि एकेक खटका सोडवीत गेलों. प्रत्येक खटक्याच्या आवाजाबरोबर काळजाचा एक ठोका चुकतो, पण तो आवाज मोडल्याचा नसतो, सुटल्याचा असतो. दोहोंतला फरक कळूं लागला कीं निम्मी विद्या आली. उलथणें मात्र परत घेण्यास पत्नीनें साफ नकार दिला. तें आतां माझ्या हत्यारांत आहे.

चौकटीमागें चार स्क्रू होते. ते ज्या क्रमानें काढले त्याच क्रमानें चहाच्या बशींत मांडले. गियरच्या दांड्याभोंवतीं एक जुना पंचा पसरला होता, कारण तेथें पडलेला स्क्रू पुन्हां दिसत नाहीं. फलक सुटला तरी तो हिसका देऊन ओढूं नये. त्याच्या पाठीला तारांच्या जोडण्या असतात, आणि जुन्या मोटारींत हवेचीं झांकणें हलविणाऱ्या पोलादी दोऱ्याही असतात. त्या वांकल्या तर फलक उजळेल, पण गारवा कायमचा गार किंवा कायमचा गरम होऊन बसेल. फोनवर दोन छायाचित्रें घ्यावीं आणि फलक हातभर नव्हे, वीतभरच पुढें घ्यावा.

बल्ब एका लहानशा प्लॅस्टिकच्या होल्डरांत असतो. होल्डरच्या पाठीवर खांच असते. तींत पेंचकसाचें टोंक घालून पाव वेढा फिरविला कीं तो हातांत येतो. माझ्या हातांत आला तेव्हां त्याच्यावर हिरव्या रबराचें इवलेंसें टोपडें होतें. फलकाचा हिरवा रंग चित्रांचा नव्हता, त्या टोपड्याचा होता! आणि होल्डरच्या पितळी पात्यांवरही एक हिरवा थर चढला होता. तो मात्र आमच्या हवेचा. उल्हास नदीच्या कांठचा चार महिन्यांचा दमटपणा काय करीत नाहीं? २००५ किंवा २०१९ च्या पुरांत ज्या मोटारी पाण्यांत उभ्या राहिल्या, त्यांच्या मालकांना हा थर चांगला परिचयाचा आहे. कधीं कधीं बल्ब शाबूत असतो आणि हा थरच वीज अडवितो. म्हणून बल्ब जळाला असें ठरविण्यापूर्वीं पातीं बारीक कागदानें घासून पाहावींत. माझी तार मात्र सरळ तुटलेली दिसत होती.

मोटार तशीच उघडी टाकून, दोन्ही बल्ब खिशांत घालून, लोकलनें मी उल्हासनगरला गेलों. न उघडतां बाजारांत जाऊन "अमुक मोटारीचा बल्ब द्या" असें म्हणण्यांत अर्थ नसतो. नमुना बरोबर पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेल्या लोकांना त्या बराकींत जागा मिळाली, आणि १९४९ सालीं त्या वस्तीचें नांव उल्हासनगर झालें. पत्त्यांतले कॅम्प एक ते पांच हे आंकडे त्या छावणीची आठवण अजून सांगतात. जें हातांशीं आहे त्यांतून संसार उभा करण्याची विद्या या गांवाला सक्तीनें शिकावी लागली, आणि तेथल्या मालावरच्या छापांविषयीं कितीही विनोद झाले तरी सुटा भाग शोधावयास माणसें आजही तेथेंच जातात.

विजेच्या सामानाच्या एका अरुंद दुकानांत वृद्ध सिंधी दुकानदारानें माझा बल्ब उजेडासमोर धरला. "आंतून काळा झाला, साहेब. त्याचें वय झालें," असें म्हणून त्यानें एक खण ओढला. त्यांत लहान-मोठ्या कुप्यांचे ढीग होते. माझा नमुना निघाला टी-५ जातीचा, म्हणजे कांचेचा व्यास सुमारें ५ मिलिमीटर. १२ व्होल्ट, १.२ वॅट. हा वॅटचा आंकडा नीट पाहावा. त्याच आकारांत अधिक वॅटचे बल्बही मिळतात, आणि उजेड जास्त मिळेल या लोभानें ते घातले तर बंद जागेंतल्या उष्णतेनें प्लॅस्टिक वितळतें.

कांच आंतून काळी कां होते? विल्यम कूलिज या अमेरिकन संशोधकानें १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचिक तार काढण्याची युक्ति साधली, तेव्हांपासून दिव्यांत तीच तार आहे. टंगस्टन वितळतें सुमारें ३,४०० अंश सेल्सिअसला. पण वितळण्याच्या खूप आधींच, पांढऱ्याशुभ्र उष्णतेंत, त्याचे कण वाफ होऊन उडूं लागतात आणि थंड कांचेवर बसतात. कांच काळवंडते, तार झिजते आणि जेथें सर्वांत बारीक झालेली असते तेथें एक दिवस तुटते. तें बहुधा दिवा लावण्याच्या क्षणींच घडतें, कारण थंड तारेंतून पहिल्या क्षणीं नेहमींच्या दसपटीहून अधिक प्रवाह धांवतो. रस्त्यांतले खड्डे उरलेलें काम करतात. दाबाचा परिणाम तर विलक्षण आहे. तो शेंकडा ५ नें कमी केला तर अशा बल्बाचें आयुष्य जवळजवळ दुप्पट होतें, आणि उजेड मात्र शेंकडा पंधरा-सोळाच घटतो. तें मंद-प्रखर करणारें चाक मी आतां पूर्ण वर नेत नाहीं.

दुकानदारानें एलईडी दिवेही पुढें केले. ते वीज कमी खातात, तापत नाहींत आणि फार टिकतात, यांत शंका नाहीं. तांबडा एलईडी १९६२ सालीं निघाला, पण निळा चांगला उजळ करण्यास १९९० चें दशक उजाडावें लागलें. त्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्यावांचून पांढरा नाहीं, म्हणून जुन्या फलकांत बल्ब आणि टोपडीं. अडचण अशी कीं, तारेचा बल्ब चोहोंकडे उजेड फेंकतो आणि फलकांतलें प्लॅस्टिक त्या हिशेबानें घडविलेलें असतें. एलईडी बहुधा समोरच पाहतो. मग मधलें चित्र डोळ्यांत खुपतें आणि कडेचीं अंधारांत राहतात. शिवाय त्याला धन-ऋण बाजू असते. उलटा बसला तर लागत नाहीं, काढून फिरवून बसवावा लागतो. मला जें होतें तेंच पुन्हां हवें होतें. मीं चार साधे बल्ब घेतले. त्यांची किंमत येथें सांगितली तर सेवाकेंद्रांतील त्या सभ्य गृहस्थांना वाईट वाटेल.

घरीं येऊन जुन्या बल्बावरचें एक टोपडें नव्यावर चढविलें. दुसरें चढवितांना फाटलें. पंधरा वर्षांच्या उष्णतेनें रबर बिस्किटासारखें झालें होतें. मग तो बल्ब उघडाच बसविला. फलक आपल्या जागीं नुसता टेकवून, पण स्क्रू न लावतां, बॅटरीची तार जोडली आणि दिवे लावले. सगळें आवळल्यावर दिवा न लागल्याचें पाहण्यासारखें दुःख नाहीं, म्हणून ही परीक्षा आधींच घ्यावी. दोन्ही लागले. तार पुन्हां सोडविली, स्क्रू, चौकट, बटणें उलट्या क्रमानें बसविलीं आणि तार शेवटीं जोडली. बशींत स्क्रू उरला नाहीं.

सर्वच मोटारींत हें इतकें सोपें नाहीं. कांहींत बल्ब छापील पट्टीवर डाख देऊन बसविलेले असतात. माझ्या एका स्नेह्याच्या मोटारींत तसें निघालें, तेव्हां अंबरनाथच्या एका वायरमननें अर्ध्या तासांत ते काढून नवे डाखले. ज्यांचा हात डाखकामाला सरावलेला नाहीं, त्यांनीं तेथें थांबावें. नव्या मोटारींत तर बटणेंच जाऊन कांचेचा पडदा आला आहे. त्याच्यावर बोटाला कांहींच लागत नाहीं, प्रत्येक वेळीं पाहावेंच लागतें. मला तो पसंत नाहीं, आणि कां नाहीं तें आपण जाणतांच.

त्या संध्याकाळीं अंधार पडल्यावर आईला मोटारींत आणून बसविलें, या खेपेस पुढच्या आसनावर. दिवे लावले. फलकाचा उजवा अर्धा हिरवा आणि डावा अर्धा तुपासारखा पिवळा उजळला. ती थोडा वेळ पाहत राहिली. मग तिनें तिसऱ्या बटणावर बोट ठेविलें. "हें कांचेचें ना?" मी होय म्हणालों. "आतां मला दिसतें. तूं समोर पाहा, मी फिरवीन."

उरलेले दोन बल्ब एका रिकाम्या काडेपेटींत, कापसांत गुंडाळून, मीं मोटारीच्या कप्प्यांत ठेविले आहेत.